विषय: दिवाळी अंक, पान १४ – 'कॅलो' की 'कॅलस'?

सप्रेम नमस्कार. अंक आज रात्रीच छापखान्यात जायचा आहे. युवा विभागातील लेखकाने सोळाव्या वर्षीच्या उन्हाळी नोकरीतील स्वतःला इंग्रजीत 'कॅलो' म्हटले होते. मुद्रितशोधनात त्याचे 'कॅलस' झाले आणि मराठीत 'निर्दय' असे उतरले. त्याच्या आईचा फोन येऊन गेला आहे. कृपया एक शब्द सुचवावा. गेल्या वर्षीचा अनुस्वारांचा वाद मात्र पुन्हा काढू नये.
– संपादक

या दोन शब्दांचे मूळ एक नाही. 'कॅलस' हा घट्टा पडलेल्या कातडीसाठीच्या लॅटिन शब्दावरून आला, तर 'कॅलो' जुन्या इंग्रजीतील 'कालू', म्हणजे टक्कल असलेला, या शब्दावरून. जर्मन आणि डच भाषांतील 'काल' या भावंडांत तो अर्थ अजून जिवंत आहे, पण इंग्रजीत तो आधी पिसे न फुटलेल्या पिलाकडे आणि तिथून अननुभवी तरुणाकडे सरकला. म्हणजे आपण कोवळ्या कातडीच्या मुलाला राठ कातडीचा ठरवले आहे. मी 'पंख न फुटलेला' सुचवते.
– ग्रंथालय

चूक माझी आहे, हे मान्य. तथापि प्रतिशब्द ठरवण्याचे काम समितीने मुद्रितशोधनाकडे सोपवले होते, याची नम्र आठवण करून देतो. शिवाय 'पंख फुटले' हे आपण शिंगे फुटलेल्या मुलांना टोमणा म्हणून ऐकवतो. नकार जोडला तरी तो टोमणा कानात राहतोच.
– मुद्रितशोधन

जर्मनीत असताना केस कापणाऱ्याने माझ्या डोक्याकडे पाहून 'काल' म्हटले, तेव्हा मी त्याला 'काल नव्हे, आज' असे मराठीतच सांगणार होतो. हा शब्द आपल्या 'खल्वाट'वरूनच गेला असणार.
– माजी अध्यक्ष

काका, केवळ ध्वनिसाम्यावरून तसे म्हणता येत नाही. लॅटिनमध्ये 'कॅल्वुस' म्हणजे टक्कल असलेला. इंग्रजीने 'कालू' तिथून उसना घेतला की तो मूळचाच जर्मानिक, यावरही अभ्यासकांत एकमत नाही.
– ग्रंथालय

केसांवरूनच अनुभव मोजायचा, तर आपला 'मिसरूड न फुटलेला' काय वाईट आहे? अर्थही तोच आणि मूळ कल्पनाही जवळची.
– खजिनदार (मत विचारले नसले तरी)

'मिसरूड न फुटलेला' घेतले आहे. शेजारच्या छायाचित्रात त्याला भरघोस दाढी आहे, परंतु ते या वर्षीचे असल्याचे खाली छापले आहे. फाइल पाठवली.
– संपादक