दशांश संपला की नाही, ते आधी बघ

आई: ताई, उद्या छकुलीची चाचणी आहे. दशांश अपूर्णांकाचे व्यवहारी अपूर्णांक करायचेत. एका ठिकाणी दोघी अडलोय. तिने कॅल्क्युलेटरवर २ भागिले ३ केलं, ०.६६६६६६७ आलं. तेच उलटं करून बघावं म्हणून तिने ६६६६६६७/१००००००० लिहिलंय, पण त्याचं संक्षिप्त रूपच निघत नाहीये.

आत्या: निघणारच नाही. १०, १००, १००० या छेदांचे मूळ अवयव फक्त २ आणि ५. वरच्या संख्येच्या शेवटी ७ आहे, म्हणजे तिला २ नेही भाग जात नाही, ५ नेही नाही.

आत्या: आणि तो ७ खरा नाहीच. खरं तर सगळे ६च आहेत, न संपणारे. पडद्यावरची जागा संपली म्हणून कॅल्क्युलेटरने शेवटचा ६ वाढवून ७ केला.

बाबा: म्हणजे मी शिकवलं ते चुकलं का गं ताई? चिन्हानंतर जितके अंक, एकावर तितकी शून्यं, असं सांगितलंय मी.

आत्या: बरोबर सांगितलंस. दशांश संपत असेल तर तेच करायचं. ०.३७५ म्हणजे ३७५/१०००. १२५ ने भाग जातो हे सुचलं नाही तरी अडत नाही, ५ ने भागत जा. ७५/२००, १५/४०, ३/८.

छकुली: मी ०.०५ चे ५/१० लिहिले होते 😔

आत्या: शून्यानेही जागा अडवलीय ना बाळा! चिन्हानंतर दोन अंक आहेत, म्हणून ५/१००, म्हणजे १/२०.

आजोबा: ०.२५ पाव, ०.५ अर्धा, ०.७५ पाऊण. एवढे तरी तोंडपाठ असू देत, मांडणी करावीच लागत नाही.

आत्या: हो अण्णा, अगदी. आता न संपणारा घेऊ. छकुली, वही घे.
क्ष = ०.६६६...
१०क्ष = ६.६६६...
खालच्यातून वरचं वजा कर.

आई: वजा का करायचं पण?

आत्या: दोन्हीकडे चिन्हानंतरची शेपटी सारखीच आहे. वजाबाकीत ती पूर्ण उडते. ९क्ष = ६ उरतं, म्हणून क्ष = ६/९ = २/३. शेपटी उडवायची, एवढ्यासाठीच दहाने गुणलं.

छकुली: मग ०.५८३३३... चे ५८३/९९९?

आत्या: नाही गं. ५८३ फिरत नाही, फक्त ३ फिरतो. ५८ सुटे आहेत. आधी त्यांना चिन्हाच्या डावीकडे आण.
१००क्ष = ५८.३३३...
१०००क्ष = ५८३.३३३...

छकुली: ९००क्ष = ५२५

छकुली: ५२५/९००... २५ ने २१/३६... ७/१२!

आत्या: शाब्बास! आता ७ ला १२ ने भागून बघ. कॅल्क्युलेटर नको, हाताने.

छकुली: ०.५८३३३. बाकी सारखी ४च येतेय, म्हणून ३ थांबतच नाही

छकुली: आत्या, १२ म्हणजे २ × २ × ३. मघाशी तू म्हणालीस १०, १०० मध्ये फक्त २ आणि ५ असतात. मग हा ३ मुळेच संपत नाही का?

आत्या: हो! त्या ३ मुळेच. आणि २ दोनदा आहे म्हणून सुटे अंकही दोनच आले, ५ आणि ८.

आई: ताई, हे मलाही आजच कळलं.