तास कमी केले तर काम खरोखर कमी होते का?

पाचपाखाडीकर

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील एका करसल्लागार कार्यालयात मी गेली बरीच वर्षे हिशेब विभाग सांभाळते. आम्ही एकूण अकरा जण आहोत. दीड वर्षापूर्वीपर्यंत आमचे कार्यालय सकाळी साडेनऊला उघडत असे आणि सातच्या आधी सहसा कोणी जागेवरून उठत नसे. महिन्याच्या १५ ते २० तारखांदरम्यान तर रात्रीचे साडेनऊ वाजत. आता आम्ही साडेपाचला निघतो, एक आड एक शनिवार सुट्टी घेतो, पगार कोणाचाही कापलेला नाही आणि या काळात आमच्याकडून एकही विवरणपत्र उशिरा गेलेले नाही. कमी वेळात तेवढेच काम म्हटले की माणसांना पळवले असणार, असा बहुतेकांचा समज होतो, म्हणून हे कसे जमले ते थोडे विस्ताराने सांगते.

जीएसटीचे मासिक चक्र असे असते: विक्रीचे जीएसटीआर-१ हे विवरणपत्र ११ तारखेपर्यंत भरायचे, १४ तारखेला २बी हे खरेदीवरील कराच्या जमेचे पत्रक तयार होते आणि २० तारखेपर्यंत ३बी हे कर भरण्याचे विवरणपत्र भरायचे. पूर्वी आम्ही १५ तारखेला २बी उतरवून घेत असू आणि मग ग्राहकाच्या खरेदी नोंदींशी एकेक बिल जुळवायला बसत असू. पुरवठादाराने आपल्या विवरणपत्रात बिल दाखवलेलेच नाही, हे १७ तारखेला कळून त्या महिन्यापुरता काही उपयोग नसे, कारण त्याची ११ तारीख उलटून गेलेली असे. तरीही फोनाफोनी, विनवण्या, पुन्हा जुळवणी हे सारे रात्रीपर्यंत चाले. आता ग्राहकांकडून बिले दर शुक्रवारी मागवतो आणि जे पुरवठादार नेहमी चुकतात त्यांना ८ तारखेच्या आतच आठवण करून देतो. १५ तारखेला जुळवायचे उरते ते फारच थोडे. ज्या कामासाठी आम्ही रात्री बसत होतो, त्यातले निम्मे काम आम्हीच उशिरा सुरुवात करून निर्माण केलेले होते.

दुसरी गोष्ट चुकांची. एकदा रात्री साडेआठच्या सुमारास आमच्या एका सहकाऱ्याने क्रेडिट नोट, म्हणजे पुरवठादाराने आधीच्या बिलातून रक्कम कमी केल्याचे पत्र, साध्या खरेदी बिलासारखी नोंदवली. जी रक्कम जमेतून वजा व्हायची ती जमेत मिळाली. काही महिन्यांनी ते लक्षात आले तेव्हा ग्राहकाला कर अधिक १८ टक्के दराने व्याज भरावे लागले आणि ती नोंद शोधून काढण्यात दोन माणसांचे अडीच दिवस गेले. त्या रात्री तो मुलगा सहालाच घरी गेला असता तर ते अडीच दिवस वाचले असते, असे मला आजही ठामपणे वाटते. तरीसुद्धा साहेब बसले आहेत म्हणून आपणही बसायचे, ही रीत ठाण्यातल्या बहुतेक कार्यालयांत का टिकून आहे?

रबाळे शेड

ताई, तुमच्या कार्यालयात जे जमले ते चांगलेच आहे. पण त्यावरून सर्वांसाठी नियम काढू नये, अशी माझी विनंती आहे. रबाळे एमआयडीसीत माझी लहानशी शेड आहे. माझ्या व्हीएमसीवर, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणाऱ्या धातू कापायच्या मशीनवर, एक हाउसिंग (यंत्राच्या कवचाचा भाग) चढवले की ते पूर्ण व्हायला बावीस मिनिटे लागतात आणि काढ-घाल धरून तेवीस. ऑपरेटर ताजातवाना असो की दमलेला, कटर ठरलेल्या वेगानेच चालतो. जेवण-चहा वगळता आठ तासांच्या पाळीत एकोणीस नग निघतात आणि तीन तास ओटी (ओव्हरटाइम) धरली तर सव्वीस. तुम्ही बिले शुक्रवारी मागवून वेळ वाचवला, पण मी लोखंडाला कोणती आठवण करून देऊ?

मशीनच्या कर्जाचा हप्ता आणि विजेचा स्थिर आकार शेड बंद असली तरी भरावाच लागतो. शिवाय ओटी मला जितकी हवी असते त्याहून जास्त ती मुलांना हवी असते. कायद्यानुसार ओटीला दुप्पट दर आहे आणि घणसोली गावात खोली घेऊन राहणारा ऑपरेटर त्याच पैशांतून गावी पैसे पाठवतो. मध्यंतरी ऑर्डर कमी होत्या म्हणून दोन महिने ओटी बंद ठेवली, तर मशीनवर नवे काम लावून देणारा माझा चांगला सेटर महापेला निघून गेला, कारण तिथे रोज चार तास ओटी मिळत होती.

कळवा पूर्व

माझे वडील परळच्या गिरणीत साचा, म्हणजे माग, चालवत, त्यामुळे हा विषय मला परका नाही. आज आपण ज्याला नैसर्गिक समजतो तो ४८ तासांचा आठवडा आकाशातून पडलेला नाही. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये बॉम्बे मिल हॅण्ड्स असोसिएशन स्थापन केली, तेव्हा गिरण्या उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत चालत आणि आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. रविवारची सुट्टी १८९० च्या जूनमध्ये मिळाली. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांचा दिवस १२ तासांवर आणला, १९२२ मध्ये आठवडा ६० तासांचा झाला, १९३४ मध्ये ५४ तासांचा आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत असताना हाती घेतलेल्या दुरुस्तीतून १९४६ मध्ये ४८ तासांचा. मागही यंत्रच होता. प्रत्येक कपातीनंतर धंदा बुडेल असे सांगणारे होते आणि तरीही त्यानंतर कित्येक दशके मुंबईचा कापडधंदा चालू राहिला.

ओटीच्या शेवटच्या तासांबद्दलही थोडे बोलायला हवे. स्टॅनफर्डचे अर्थशास्त्रज्ञ जॉन पेन्कावेल यांनी पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश दारूगोळा कारखान्यांच्या नोंदी तपासून २०१४ मध्ये दाखवून दिले, की आठवड्याला साधारण ५० तासांपलीकडे वाढीव तासाचे उत्पन्न घसरत जाते आणि ७० तास राबणाऱ्यांचे एकूण उत्पादन ५६ तास काम करणाऱ्यांपेक्षा फारसे जास्त नसते. २०२३ मध्ये इन्फोसिसच्या नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला ७० तास काम करण्याचा सल्ला दिला, तेव्हा हाच आकडा मला आठवला होता.

रबाळे शेड

दारूगोळ्याच्या त्या कारखान्यांत हाताने करायचे काम होते. माणूस दमला की हात मंदावत असणार. माझ्याकडे वेग प्रोग्रॅम ठरवतो. आणि गिरण्यांचे म्हणाल तर तास कमी झाले तशा पाळ्या वाढल्या. मोठ्या गिरणीला दुसरी पाळी भरणे परवडते. मला रात्रपाळीसाठी एक भरवशाचा सेटर शोधायला सहा महिने लागले आहेत आणि तो अजून मिळालेला नाही.

ऐरोली सेक्टर

मी ऐरोलीतल्या एका सॉफ्टवेअर सेवा कंपनीत काम करतो आणि माझ्या मते खरी अडचण अजून कोणी मांडलेली नाही. आमची कंपनी काम विकत नाही, तास विकते. ग्राहकाशी करार तासांच्या दराचा असतो, रोज टाइमशीट भरावी लागते आणि त्यावरून बिल जाते. महिन्याअखेरचा एक अहवाल तयार करायला आमच्या गटाला दोन दिवस लागत. मी रविवारी घरी बसून त्यासाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि ते काम पाऊण तासावर आले. मला वाटले होते की गटाला एक दिवस तरी मोकळा मिळेल. व्यवस्थापकांनी माझे कौतुक केले आणि लगेच विचारले, की मग उरलेले तास कुठे दाखवायचे? त्या वाचलेल्या वेळेत आम्हाला दुसऱ्या प्रकल्पाचे काम देण्यात आले. जिथे लवकर काम संपवणाऱ्याचे बिल कमी होते, तिथे तास कमी होणार कसे?

परदेशी प्रयोगांचे दाखलेही जपून द्यावेत, असे मला वाटते. मायक्रोसॉफ्टच्या जपानमधील शाखेने ऑगस्ट २०१९ मध्ये शुक्रवार सुट्टीचे केले आणि दरडोई विक्री जवळपास ४० टक्क्यांनी वाढल्याचे सांगितले. पण तो एकाच महिन्याचा आकडा आहे. ब्रिटनमध्ये २०२२ मध्ये ६१ कंपन्यांनी सहा महिने चार दिवसांचा आठवडा करून पाहिला आणि त्यांतील बहुतेकांनी तो पुढेही चालू ठेवला. मात्र या कंपन्या स्वतःहून पुढे आलेल्या होत्या. ज्यांना हे झेपणार नव्हते, त्या मुळात आल्याच नसतील. शिवाय आमचे ग्राहक अमेरिकेतले. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे, उन्हाळ्यात साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात वाजलेले असतात, आणि आमची मुख्य बैठक तेव्हाच असते.

टिटवाळा फास्ट

आपण सारे दिवसाच्या तासांवर बोलत आहात. मला दिवसांच्या संख्येवर बोलायचे आहे. मी टिटवाळ्याहून महापेला जातो. ठाण्याला उतरायचे, जिना चढून नवी मुंबईकडे जाणाऱ्या ट्रान्सहार्बर लोकलच्या फलाटावर यायचे, घणसोलीला उतरून शेअर रिक्षेच्या रांगेत उभे राहायचे. जाता-येता माझे साडेतीन तास जातात आणि त्याचा पगार कोणी देत नाही. दिवसातला एक तास कमी केला तर तोच गर्दीचा प्रवास मला सहाही दिवस करावा लागेल.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम ठेवून कारखान्यांतील दिवसाची मर्यादा ९ वरून १२ तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली, तेव्हा त्यावर सडकून टीका झाली. माझे मत वेगळे आहे. बारा तासांचे चार दिवस मला मिळाले तर माझे दोन दिवसांच्या प्रवासाचे सात तास वाचतात. राज्य शासनाने स्वतः २९ फेब्रुवारी २०२० पासून दिवसाची वेळ वाढवून पाच दिवसांचा आठवडा केलाच ना?

परिचारिका, ठाणे

बारा तासांचे चार दिवस कागदावर सुटसुटीत दिसतात. मी ते जगले आहे, म्हणून सांगते.

ज्या खासगी रुग्णालयात मी आधी होते, तिथे अतिदक्षता विभागात सकाळी आठ ते रात्री आठ अशी ड्यूटी असे. चार दिवसांनंतर सुट्टी मिळेल असे ठरलेले होते, पण पाचव्या दिवशी सकाळी कोणीतरी आजारी पडे आणि फोन येई. एका संध्याकाळी सव्वासातला, म्हणजे ड्यूटीच्या बाराव्या तासात, मी एका रुग्णाची पोटॅशियमची सलाइन लावत होते. पंपावर ताशी १० मिली असा वेग घालायचा होता. मी १०० घातला. असे औषध दोघींनी तपासायचे असा नियम असल्यामुळे शेजारच्या सिस्टरने सुरू करण्याआधी आकडा मोठ्याने वाचला आणि आम्ही दोघी गप्प झालो. पोटॅशियम त्या वेगाने गेले तर हृदय बंद पडू शकते. त्या दिवशी सकाळपासून मी तेच बटण कितीतरी वेळा बरोबर दाबले होते.

तरीही पाचपाखाडीकर ताईंशी माझा मतभेद आहे. तास कमी करूनही काम तेवढेच होते, हा तुमचा मुख्य मुद्दा आहे. आमच्याकडे तसे होत नाही. रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचे असते आणि ते पटापट उरकून वेळ वाचवता येत नाही. आठ तासांच्या तीन पाळ्या करायच्या तर जास्त सिस्टर नेमाव्या लागतील आणि त्याचा खर्च येईल, हे सरळ मान्य करावे. कमी तासांची मागणी आपण उत्पादकतेच्या खुंटीला टांगली, तर जिथे उत्पादन तेवढेच राहत नाही तिथे ती मागणीच खोटी ठरवली जाईल. माणसाला घर असते, झोप लागते, एवढे कारण पुरेसे का मानू नये? जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१ च्या संयुक्त अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त असतो. असे रुग्ण आमच्या विभागात येतात आणि त्यांच्यातले अनेक जण कमावत्या वयाचे असतात.

पाचपाखाडीकर

सिस्टर, आपला आक्षेप मला मान्य आहे, आणि तो मान्य करताना मला थोडे वाईटही वाटते आहे. आमच्या मालकांसमोर मी हा प्रस्ताव मांडला तेव्हा काम अडणार नाही हीच एक हमी दिली होती. दमणुकीबद्दल मी त्यांना अवाक्षर बोलले नाही, कारण तेवढ्याने ते ऐकतील असे मला वाटले नव्हते. याचा अर्थ असा, की उद्या कामाचा व्याप वाढला तर आमचे साडेपाच वाजता निघणे पहिल्यांदा जाईल.

टिटवाळ्याच्या बंधूंना एवढेच विचारते, की सकाळी आठला महापेत हजर व्हायचे असेल तर घरून किती वाजता निघाल? बारा तासांत साडेतीन मिळवले की साडेपंधरा होतात. उरलेल्या साडेआठ तासांत जेवण, झोप आणि मुलांचे तोंड पाहणे बसवावे लागेल. आपल्या घरी दुसरे कोणी स्वयंपाकाचे पाहत असेल तर ते जमेलही. माझ्या विभागातल्या सहा जणींपैकी एकीलाही ते जमणार नाही.

टिटवाळा फास्ट

सव्वासहाला निघावे लागेल. स्वयंपाक पत्नी करते आणि तीही नोकरी करते. तिला हे विचारले नव्हते, हे खरे आहे. तरीही तीन मोकळे दिवस मला मोलाचे वाटतात.

रबाळे शेड

कळव्याच्या काकांनी शेवटच्या तासांचा विषय काढला म्हणून काल मी गेल्या सहा महिन्यांची रिजेक्शनची वही घेऊन बसलो. चालू जॉबमध्ये सकाळच्या आणि ओटीच्या नगांत मला फरक दिसला नाही. सव्वीसावा नग पहिल्यासारखाच मापात आहे. त्या बाबतीत माझे म्हणणे मी मागे घेत नाही. पण नवा जॉब लावताना जे नग वाया गेले, त्यांतले बहुतेक संध्याकाळी सहानंतरच्या सेटिंगचे निघाले. एकदा ऑफसेटमध्ये, म्हणजे टूलची जागा ठरवणाऱ्या आकड्यात, उणे चिन्ह राहून गेले आणि टूल थेट नग पकडणाऱ्या व्हाइसमध्ये घुसले. टूल फिरवणाऱ्या स्पिंडलच्या दुरुस्तीला मशीन नऊ दिवस बंद होते. ती वेळ वहीत सायंकाळी पावणेआठची लिहिलेली आहे.

त्यामुळे १ तारखेपासून सहानंतर कोणतीही नवी सेटिंग करायची नाही, असे ठरवले आहे. सेटर सहाला घरी जाईल आणि ओटीत फक्त लावलेले जॉब चालतील. सेटरची ओटी बुडते म्हणून त्याच्या मूळ पगारात तेवढी वाढ करावी लागेल. किती करावी, यावर आमची अजून बोलणी चालू आहेत. ऑपरेटरची ओटी मात्र बंद करणार नाही, कारण ती बंद करू नका असे त्यांनीच मला पुन्हा सांगितले आहे.