माळ चराईला देताना करारात काय असावे

एकरी रक्कम ठरवून माळ वर्षभरासाठी चराईला द्यावा, हे मत व्यवहाराला सोपे असले तरी मला मान्य नाही, कारण त्यात किती जनावरे आणि केव्हापासून चरणार हा मुख्य प्रश्नच बाजूला राहतो. माणदेशासारख्या कमी पावसाच्या माळांवर मारवेल आणि पवन्या ही खरी पौष्टिक गवते. जनावरे आधी त्यांनाच तोंड लावतात, आणि पहिल्या पावसानंतर कोवळ्या फुटव्यावरच गुरे सोडली तर मुळे सशक्त होण्याआधीच ही गवते पुन्हा पुन्हा खुडली जातात. बी धरून ते जमिनीवर पडेपर्यंत, म्हणजे साधारण ऑक्टोबरपर्यंत, त्यांना मोकळीक मिळाली नाही तर हळूहळू कुसळी हे टोचऱ्या कुसळांचे गवत माजते, आणि त्याची कुसळे गुरांच्या तोंडात रुतू लागल्यावर त्या माळाला भाडे तरी कोण देणार? म्हणून जनावरांची कमाल संख्या, चराई सुरू करण्याची तारीख आणि आळीपाळीने बंद ठेवायचा तुकडा या गोष्टी करारात लिहिल्याच पाहिजेत.

करार न लिहिता व्यवहार तोंडी करण्याबद्दल एवढेच, की मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ३ नुसार गवत स्थावर मालमत्तेत धरले जात नाही, त्यामुळे एका हंगामाचे गवत कापून नेण्यासाठी विकणे आणि जमीनच भाड्याने देणे हे दोन वेगळे व्यवहार आहेत. एका वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा मात्र नोंदणीकृतच असावा लागतो.