मदत हवी आहे : फ्लेक्सवर ‘ठिबक सिंचन’चे ‘ठबिक सचिन’ झाले

उद्यमबागकर :
नमस्कार. आमच्या पंपांच्या कारखान्यात मार्केटिंगचे काम आम्ही तिघे पाहतो आणि डिझाइनचे सॉफ्टवेअर त्यांपैकी मला एकट्यालाच थोडेफार येते. खानापूरच्या विक्रेत्यासाठी मराठीत आणि बैलहोंगलच्या विक्रेत्यासाठी कन्नडमध्ये १० × ४ फुटांचे फ्लेक्स छापायला दिले होते. माझ्या पडद्यावर सारे व्यवस्थित दिसत होते, परंतु छापून आले तेव्हा ‘ठिबक सिंचन’चे ‘ठबिक सचिन’ झाले होते आणि आमच्या लोगोचा निळा रंग वांग्यासारखा जांभळा दिसत होता. विक्रेत्याने फोन करून ‘हा सचिन कोण?’ असे विचारले. शुक्रवारी सकाळी नवे फ्लेक्स लागायलाच हवेत, तेव्हा कृपया लगेच उपाय सांगावा.

रेषेवरचा :
सॉफ्टवेअर कोणते, फॉण्ट कोणता आणि छापखान्याला कोणत्या प्रकारची फाइल दिली, यांपैकी काहीही आपण लिहिलेले नाही. त्याशिवाय उपाय कसा सांगणार?

उद्यमबागकर :
फाइल नेहमीचीच दिली होती आणि फॉण्टही नेहमीचाच होता. पत्रके याच पद्धतीने छापतो, तेव्हा काही अडत नाही.

जुना कंपोझिटर :
‘नेहमीचा’ म्हणजे श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीचा की युनिकोड (प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत), हे महत्त्वाचे आहे. जुन्या पद्धतीच्या फॉण्टमध्ये मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. त्यामुळे छापखान्यात तो फॉण्ट नसेल तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी उमटते. आपल्याकडे अक्षरे मराठीच राहिली आहेत आणि केवळ वेलांटी सरकली आहे, म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये असणार. युनिकोडमध्ये ‘ठि’ साठवताना आधी ठ आणि मग वेलांटी अशा क्रमाने साठवला जातो, आणि वेलांटी ठच्या आधी नेऊन दाखवण्याचे काम सॉफ्टवेअरचे असते. ज्या सॉफ्टवेअरला ते जमत नाही त्यात वेलांटी ठच्या पुढे, म्हणजे बच्या डोक्यावर, जाऊन बसते. कन्नडमध्ये अक्षराखाली लागणारे ओत्तक्षरही अशाच कारणाने खाली न जाता ओळीत सुटे उभे राहिले असेल. तो फ्लेक्स एकदा पाहावा.

उद्यमबागकर :
कन्नडमध्येही तसेच झाले आहे. मी इंकस्केप १.३ वापरतो, फॉण्ट मुक्त आहे आणि छापखान्याला एसव्हीजी फाइल दिली होती. पत्रकांच्या वेळी मात्र जेपीजी दिली होती, हे आत्ता आठवले.

खडेबाजारातला :
हे आधी सांगितले असते तर दोन दिवस वाचले असते. मी अनेक वर्षे फ्लेक्सच्या धंद्यात आहे. आपल्याकडचे बहुतेक फ्लेक्सवाले कोरलड्रॉवर काम करतात, आणि त्यातही कित्येक जण वर्षानुवर्षे तीच जुनी आवृत्ती चालवतात. जेपीजी म्हणजे नुसते चित्र, तिच्यात काही सरकत नाही; एसव्हीजीत मात्र मजकूर अक्षरे म्हणूनच राहतो. आपली एसव्हीजी त्यांनी त्यातच उघडली असणार आणि त्या जुन्या आवृत्तीला वेलांटी जागेवर नेता आली नसणार. इंकस्केप सोडून कोरल घ्यावे; छापखान्याची भाषा बोलल्याशिवाय काम नीट होत नाही.

रेषेवरचा :
मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर टाकून देण्याची काहीही गरज नाही. सर्व मजकूर निवडून ‘पाथ’ मेन्यूतील ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ ही आज्ञा द्यावी, म्हणजे अक्षरांचे आकार होतात आणि समोरच्याकडे फॉण्ट असो वा नसो, वेलांटी जागची हलत नाही. कोरलवाले यालाच ‘कर्व्ह करणे’ म्हणतात. हे मूळ फाइलवर न करता वेगळ्या नावाच्या प्रतीवर करावे, कारण त्यानंतर एक अक्षरही टाइप करून बदलता येत नाही. त्याहून सोपा मार्ग म्हणजे पीडीएफ जतन करतानाच मजकूर पाथमध्ये बदलण्याचा पर्याय निवडणे. त्यात मूळ फाइल आपोआप शाबूत राहते.
रंगाचे कारण निराळे आहे. इंकस्केप १.३ मधून पीडीएफ आरजीबी, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या, रंगांतच निघते. पडद्यावरचा झगझगीत निळा छपाईच्या सायन (आकाशी) आणि मॅजेंटा (गडद गुलाबी) शाईत तसा बसत नाही, आणि यंत्राने रूपांतर करताना मॅजेंटा सायनच्या जवळपास नेला की तो जांभळा होतो.

खडेबाजारातला :
म्हणजे शेवटी रंग दुरुस्त करायला कोरलच लागणार, हेच मी म्हणत होतो. ती पीडीएफ छापखान्यात कोरलमध्ये उघडून लोगोच्या निळ्याला सायन १०० आणि मॅजेंटा ६० असे हाताने द्यायला सांगावे. मॅजेंटा सायनपेक्षा निदान ३० ने कमी ठेवला की निळा निळाच राहतो.

रेषेवरचा :
पीडीएफ स्क्रायबस या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये नेऊनही सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या रंगांत, करता येते आणि तेही मोफत आहे. चोरीची कोरल वापरणाऱ्यांनी इतरांना ती विकत घ्यायला सांगू नये.

खडेबाजारातला :
माझी प्रत विकतची आहे. पावती दाखवू का?

टिळकवाडीतला वाचक :
२०२४ च्या दुरुस्तीनुसार कर्नाटकात दुकानांच्या आणि आस्थापनांच्या नामफलकांवर ६० टक्के मजकूर कन्नडमध्ये आणि तोही फलकाच्या वरच्या भागात असावा लागतो, याचा विचार केला आहे का? शिवाय ४० फुटांचे होर्डिंग करायचे झाल्यास फाइल एक दशांश मापात करावी.

उद्यमबागकर :
हा नामफलक नाही, जाहिरातीचा फ्लेक्स आहे, आणि १० फुटांचाच आहे.

निपाणीची अक्षरवेडी :
पुढच्या वेळी दोन्ही लिप्यांना एकाच घराण्याचा फॉण्ट घ्यावा, म्हणजे दोन्ही फ्लेक्स एकाच कंपनीचे वाटतील. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे बलू २ देवनागरीसाठी आणि बलू तम्मा २ कन्नडसाठी आहे, आणि दोन्ही मोफत मिळतात. मात्र दोहोंच्या अक्षरांच्या मापाचा आकडा सारखा ठेवून भागत नाही. शिरोरेखेमुळे देवनागरी ओळ भरीव दिसते, तेव्हा कन्नड अक्षर किती मोठे करायचे ते डोळ्यांनीच ठरवावे.

उद्यमबागकर :
सर्वांचे आभार. मजकूर पाथ करून पीडीएफ दिली आणि निळा छापखान्यात बसून बदलून घेतला. पट्टीभर नमुना छापून आला आहे. वेलांट्या जागेवर आहेत आणि निळा निळाच दिसतो आहे. नमुन्याचे छायाचित्र जोडले आहे. आता मोठे छापायला सांगतो.

जुना कंपोझिटर :
थांबावे. शेवटच्या ओळीत ‘मोफत दुरूस्ती’ असे आहे. ‘दुरुस्ती’तला रु ऱ्हस्व असतो. मूळ फाइलमध्ये बदलून नवी पीडीएफ काढावी.

उद्यमबागकर :
पाथ केल्यावर त्याच फाइलवर कंट्रोल एस दाबले. ती ओळ पुन्हा टाइप करायला बसतो.