दहा दिवसांत बाळाची लांबी दोन सेंटीमीटर कमी कशी झाली?

नंदगडची_आई
नमस्कार, मुलगा नऊ महिने पुरे झाला म्हणून गोवर-रुबेलाच्या इंजेक्शनला दवाखान्यात नेलेलं. तिथं एकट्या सिस्टरनी टेबलावर झोपवून शिंप्याच्या टेपने मोजलं आणि कार्डावर 71.5 लिहिलं. दहा दिवसांनी अंगणवाडीत मोजलं तर 69.4! वजन तेवढंच आहे, खातोय पितोय, रांगतोय. पण दोन सेंटीमीटर गेले कुठं? सासूबाई म्हणतात मालिश सोडलंस म्हणून अंग आखडलं. दोन रात्री झोप नाही मला. कुणाला माहीत असेल तर सांगा, घरी नीट मोजता येतं काय?

टीचर_निपाणी_भाग
ताई, मूल आखडत नाही, माप चुकतं. मी अंगणवाडीत आहे, दर महिन्याला हेच काम करते म्हणून सविस्तर लिहिते. मालिश चालू असो नसो, हाडाची लांबी त्याने कमी होत नाही, सासूबाईंना हे नीट समजावून सांगा.
शिंप्याचा टेप बाळाच्या अंगावरनं वळत जातो, पोट आलं गुडघा आला की आकडा वाढतो, म्हणून 71.5 वर माझा तरी विश्वास नाही. आणि 69.4 पण खरं असेलच असं नाही, कारण बाळ रडत असलं आणि पाय धरायला एकच माणूस असलं तर गुडघे वाकलेलेच राहतात आणि माप कमी येतं. या कामाला दोन माणसं लागतातच, यात तडजोड नाही. एकीने डोक्याकडं बसायचं, दोन्ही हातांनी डोकं धरून टाळू पाटीच्या (म्हणजे बाळाला झोपवून लांबी मोजायच्या फळीच्या) उभ्या कडेला टेकवायची, बाळाची नजर सरळ वर आढ्याकडं पाहिजे, हनुवटी छातीला टेकलेली नको आणि मान मागं पण टाकलेली नको. दुसरीने एका हाताने गुडघे अलगद दाबून पाय सरळ करायचे आणि दुसऱ्या हाताने सरकती पट्टी तळव्यांना लावायची, दोन्ही तळवे सपाट, बोटं वर. एकच पाय सरळ करून वाचलेलं माप मी धरत नाही. पाय सरळ झाला की लगेच आकडा वाचायचा, मिलिमीटरपर्यंत, कारण पुढच्या क्षणी बाळ पाय ओढून घेतंय.
टोपडं, मोजे, जाड डायपर काढा. जावळ दाट असेल तर केस दाबून टाळू टेकवा.

येळ्ळूरची_मावशी
आमच्या नातीचं पण असंच झालेलं. दूध पाजून, जरा खेळवून, खुळखुळा समोर धरला आणि मग मोजलं तर एका दमात झालं. भुकेल्या पोराला मोजायला जाऊ नका बाई.

सिस्टर_टिळकवाडी
टीचरनी बरोबर सांगितलंय, दोन गोष्टी भर घालते. नऊ महिन्याच्या मुलाचा डब्ल्यूएचओच्या तक्त्यात मधला आकडा 72.0 आहे आणि मायनस टू एसडीची रेषा, म्हणजे मधल्या आकड्याच्या बरीच खालची धोक्याची रेषा, 67.5 ला, त्याच्या खाली गेलं की खुजेपणा म्हणतात. म्हणजे तुमचा कमी आकडा खरा धरला तरी बाळ रेषेच्या वर आहे. पण चूक हलकी घेऊ नका, या वयात मूल महिन्याला साधारण सव्वा सेंमी वाढतं, म्हणजे दोन सेंमीच्या चुकीत दीड महिन्याची वाढ बुडते. शिवाय वजन लांबीशी ताडून बघतात, लांबी जास्त लिहिली तर चांगलं मूल हडकुळं दिसतं, कमी लिहिली तर हडकुळं मूल ठीक दिसतं. दुसरं तर जास्त वाईट, त्या मुलाकडं कुणी बघतच नाही.
दोन वर्षांखाली झोपवून लांबी, दोन वर्षं पुरी झाली की उभं करून उंची. झोपवून मोजलं की साधारण 0.7 सेंमी जास्त येतं, म्हणून दोन वर्षांच्या वेळेला आकडा जरा खाली आलेला दिसला तर आधी कसं मोजलं ते विचारा.

टीचर_निपाणी_भाग
हो, आमच्या कन्नड बोलणाऱ्या बायका उद्द (लांबी) आणि एत्तर (उंची) असे दोन वेगळे शब्द वापरतात. मराठीत आपण सगळ्यालाच उंची म्हणतो, तिथंच घोळ होतो. झोपवून मोजलं तर लांबीच म्हणा आणि लिहा.
घरी मोजायचं तर फरशीवर भिंतीला डोकं टेकवून झोपवा, पायाला जाड पुस्तक काटकोनात लावा, पेन्सिलने खूण करा आणि मग सुताराच्या लोखंडी टेपने अंतर घ्या. दोनदा मोजा, अर्ध्या सेंमीपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. घरचं माप तुमच्या मनाच्या समाधानासाठी, कार्डावर मात्र पाटीवरचंच लिहा.

नंदगडची_आई
आज परत आमच्या अंगणवाडीत गेलेलो. जाऊबाईंनी डोकं धरलं, तिथल्या टीचरनी पाय, बाळ दूध पिऊन आलेलं म्हणून रडलं नाही. पहिल्यांदा 70.5, दुसऱ्यांदा 70.7. टीचरनी कार्डावर 70.6 लिहिलं आणि जुने दोन्ही आकडे खोडले नाहीत, शेजारी "टेप, एक माणूस" आणि "बाळ रडत होतं" एवढंच लिहून ठेवलं. सासूबाई सोबत होत्या, त्यांनी स्वतः खाली वाकून पट्टीवरचा आकडा बघितला. पुढच्या महिन्यात त्याच पाटीवर, जाऊबाईंनाच घेऊन जाणार.