साठ विद्यार्थ्यांचा एकच सामायिक प्रकल्प: नियोजन आणि गुणदान कसे करावे?

प्रश्न
नमस्कार. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक शाखेच्या तृतीय वर्षाला शिकवते. चौघांच्या गटात एक जण सगळा कोड लिहितो, दुसरा ब्लॅक बुक (प्रकल्पाचा अहवाल) सजवतो आणि उरलेले दोघे तोंडी परीक्षेच्या आदल्या रात्री स्लाइड पाठ करतात, हे नित्याचेच झाले आहे. म्हणून येत्या सत्रात पूर्ण वर्गाला एकच प्रकल्प द्यावा आणि बारा गटांनी एकाच गिट रिपॉझिटरीत (कोड आणि त्यातील प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या सामायिक साठ्यात) काम करावे, असा विचार आहे. सर्वांचे काम जुळवून कसे घ्यावे आणि गुण कसे द्यावेत?

उत्तर १
मॅडम, बारा गट पहिल्याच दिवशी पाडू नका. संस्थेतील संवादाची जशी रचना, तशीच तिने घडवलेल्या प्रणालीची होते, असे संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्येच मांडले होते; बारा गट पाडलेत, तर गरज असो वा नसो, बारा मॉड्यूल (प्रणालीचे स्वतंत्र भाग) तयार होतील. आधी पाच-सहा जणांकडून लॉगिनपासून डेटाबेसमध्ये एक नोंद जाऊन ती पुन्हा पडद्यावर दिसेपर्यंत चालणारा सांगाडा करून घ्या आणि मगच कामाची वाटणी करा. मुख्य ब्रांच (कोडची सर्वांची मूळ शाखा) संरक्षित ठेवावी: चाचण्या उत्तीर्ण झाल्याशिवाय आणि दुसऱ्या गटातील कुणीतरी कोड वाचून मान्यता दिल्याशिवाय तिच्यात काहीही मर्ज होता (मिसळता) कामा नये. महिनाभर वेगळी राहिलेली ब्रांच सादरीकरणाच्या आदल्या दिवशी जोडायला घेतली, की कॉन्फ्लिक्ट (एकाच जागी झालेले परस्परविरोधी बदल) सोडवणाऱ्याचे हाल कुत्रा खात नाही.

उत्तर २
गुणांपुरते सांगतो. कमिटच्या (गिटमध्ये नोंदवलेल्या बदलांच्या) संख्येवर गुण ठेवले, तर मुले एका ओळीचे पाच कमिट करतील. शिवाय लॅबमधल्या संगणकांवर गिटच्या सेटिंगमध्ये आधीच्या तुकडीतल्या कुणाचे तरी नाव तसेच राहिलेले असते आणि काम एकाचे, नोंद दुसऱ्याची होते. त्यामुळे नाव आणि ईमेल तपासणे हेच पहिले प्रात्यक्षिक असावे. मी रिव्ह्यूमधील, म्हणजे दुसऱ्याचा कोड तपासताना लिहिलेल्या, शेऱ्यांना मोठे वजन देतो. 'छान आहे' या शेऱ्याला शून्य. 'यादी रिकामी आली तर हे फंक्शन कोसळेल' या शेऱ्याला पूर्ण गुण. तोंडी परीक्षेत प्रत्येकाला दुसऱ्याने लिहिलेला, पण त्याने स्वतः मान्यता दिलेला कोड समजावून सांगायला लावावा.

उत्तर ३
दोन्ही उत्तरे पटली, तरी कोऱ्या पाटीवरून सुरुवात करण्याला माझा विरोध आहे. नोकरीत बहुतेकांच्या वाट्याला दुसऱ्याचा जुना कोडच येतो, तेव्हा या वर्षीची रिपॉझिटरी पुढच्या तुकडीच्या हाती द्या. वारसा द्यायचा आहे हे आधीच ठाऊक असले, की दस्तऐवजही जरा प्रामाणिकपणे लिहिले जातात. मात्र, गुणांसाठी साठ जणांना एकदम बाहेरच्या मुक्तस्रोत (कोड सर्वांना खुला असलेल्या) प्रकल्पांवर सोडू नका. हॅक्टोबरफेस्ट या मुक्तस्रोत प्रकल्पांना हातभार लावण्याच्या उपक्रमात २०२० मध्ये टी-शर्टच्या मोहाने निरर्थक पुल रिक्वेस्टचा (आपला बदल स्वीकारण्याच्या विनंत्यांचा) एवढा पूर आला, की ज्या प्रकल्पांनी स्वतःहून संमती दिली आहे त्यांच्यापुरताच तो उपक्रम मर्यादित करावा लागला.

प्रश्नकर्ती
सर्वांचे आभार. सांगाडा आधी आणि गट नंतर, हे नक्की केले. गेल्या वर्षीचा ग्रंथालय व्यवस्थापनाचा एक प्रकल्प निदान चालू स्थितीत आहे; नवा सांगाडा उभारण्याऐवजी तोच घेता येईल का, हे लॅब सहाय्यकांसोबत बसून पाहते.