सीनाकाठच्या शेतकऱ्यांसाठी मंडळाचा निधी

नमस्कार मंडळी,
दिवाळी कार्यक्रमातून उरलेले पैसे मराठवाड्यातल्या पूरग्रस्तांना द्यायचं कार्यकारिणीत ठरलंय. धान्य-कपड्यांचे किट पाठवावेत, अशी सूचना आहे. सरकारचं पॅकेज आलंच आहे, तेव्हा आपली मदत नेमकी कुठे लागेल? ज्यांचं गाव तिकडे आहे त्यांनी कृपया कळवावं.
— सचिव

ताई, नमस्कार.
माझं माहेर धाराशिव जिल्ह्यातल्या परांडा तालुक्यात, सीना नदीच्या काठी. किट नकोत, असं मी स्पष्टच सांगते. नुकसान रानात झालंय. सप्टेंबरच्या पुरात काढणीला आलेलं सोयाबीन तर गेलंच, पण भावाच्या नदीकडच्या पट्ट्यात माती खरडून खाली मुरूम उघडा पडला. विहीर गाळाने भरली, मोटार आणि पाईप आतच. तिथे ज्वारी पेरायची कशात?

७ ऑक्टोबर २०२५ ला सरकारने ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात खरडलेल्या जमिनीला हेक्टरी ४७,००० रोख, शिवाय रोजगार हमीतून ३ लाखांपर्यंत, आणि गाळ भरलेल्या विहिरीला ३०,००० रुपये. पिकापलीकडे जमिनीचाही विचार झाला, हे फार बरं झालं. पण रोजगार हमीचं काम म्हणजे पंचनामा, प्रस्ताव, अंदाजपत्रक, मंजुरी. तोवर रब्बीची पेरणी थांबत नाही. सातबारा अजून वारलेल्या वडिलांच्या नावावर, केवायसी (ओळखीची पडताळणी) अडलेली, अशी घरं मागेच राहतात. बटईने करणाऱ्याचं तर कागदावर नावच नसतं. राबणारा तोच, बियाण्याचा खर्चही त्याचाच!

माझं म्हणणं, आपला पैसा जेसीबीचं भाडं, डिझेल आणि माती वाहणाऱ्या ट्रॅक्टरच्या खेपांना जावा, आणि आधी या मागे राहिलेल्यांच्या रानात. आपलं मंडळ परदेशात नोंदलेलं, त्यामुळे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी असलेल्या संस्थेलाच देणगी देता येईल. मुख्यमंत्री सहाय्यता निधीलाही ती परवानगी २०२५ मध्ये मिळाली आहे, पण तिथे गाव आणि काम आपल्याला ठरवता येणार नाही. परांडा-भूम भागात आधीपासून काम करणारी संस्था शोधू या.
— एक सभासद

ताई, पटलं. किटचा विषय थांबवते. एफसीआरए नोंदणी तपासायचं काम खजिनदारांकडे देते. तुमच्या भावाला विचाराल का, गावात बटईने करणारे किती आहेत आणि जेसीबीचा तासाचा दर सध्या काय चाललाय? रविवारच्या बैठकीआधी कळलं तर रक्कम तिथेच ठरवू.
— सचिव